पायरी शून्य

हॉस्पिटलात तिला सगळे 'थांबा सिस्टर' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! बत्तीस वर्षं बायकांच्या वॉर्डात काढलेली बाई. शिकाऊ मुलगी पेशंटच्या अंगाला हात लावायला पुढे झाली रे झाली, की हिचा आवाज वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमायचा, "थांबा!" मुलगी जागच्या जागी गार. एकदा तर म्हणे वॉर्डातले मामा, चांगले पन्नाशीचे गृहस्थ, ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत येत होते, ते दारातच थांबले आणि दहा मिनिटं तसेच उभे राहिले. का, तर त्यांना पुढे जा असं कुणी म्हटलंच नाही. खरं-खोटं मामा जाणे.

तर एका मंगळवारी सकाळी नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी तिला खोलीत बोलावून घेतलं. कॉलेज म्हणजे हॉस्पिटलच्याच आवारातली मागची दुमजली इमारत. ही गेली तीच पदर खोचून, भांडायच्या तयारीने.

"सिस्टर, पाच वर्षं तुम्ही माझं डोकं खाताय," प्राचार्य म्हणाल्या.

"सात," ही म्हणाली. "आणि खाणारच. पोरी सहा महिने फळ्यावर नर्सिंग शिकतात. प्लॅस्टिकच्या बाहुलीला अंघोळ घालतात. बाहुलीला काय, ना दुखत ना लाज वाटत! आणि मग वॉर्डात आल्या की जिवंत माणूस बघून यांची बोबडी वळते. मी काय म्हणते—"

"तुम्ही काय म्हणता ते मला तोंडपाठ आहे. आता ते लिहा."

"काय लिहू?"

"पहिल्या वर्षाच्या मूलभूत कौशल्यांचा अभ्यासक्रम. चादर बदलणं, अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं, सगळं. तुमच्या पद्धतीने. लिहायला दोन आठवडे, शिकवायला दोन आठवडे, सहा मुली देते. मग नर्सिंग कौन्सिलच्या परीक्षक बाई येतील. सहाच्या सहा पास झाल्या तर पुढच्या वर्षीपासून हाच अभ्यासक्रम. एक जरी नापास झाली तर जुनाच चालू, आणि त्या सहा जणींना सत्र पुन्हा करावं लागेल. बोला, आहे हिंमत?"

इतकी वर्षं दुसऱ्याला थांबवणारी बाई या वेळी स्वतः थांबली नाही. खुर्चीचा हात घट्ट धरून तिने जोरजोरात होकाराची मान हलवली. बाहेर आली आणि मग मात्र तिला जे काही झालं ते विचारू नका. व्हरांड्यातून ती अक्षरशः धावत सुटली, या वयात, त्या गुडघ्यांनी. लिफ्टवाल्याला सांगितलं. औषधांच्या खिडकीतल्या बाईला सांगितलं. नऊ नंबरच्या पलंगावरची आजी, जिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, तिला दोनदा सांगितलं. आजीने हसून हिच्या गालावरून हात फिरवला. आपल्या सिस्टरला मूल-बाळ झालंय असा काहीतरी तिचा समज झाला असावा.

घरी येताना तिने दोनशे पानी वही घेतली आणि तीन रंगांची पेनं. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. तो बस चालवायचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. गमत्या माणूस. तीस वर्षं बसमधल्या शंभर माणसांशी गप्पा मारायची सवय, ती आता एकट्या बायकोवर निघत होती.

"अहो, मला अभ्यासक्रम लिहायला दिलाय!"

"मग मला अभ्यासाला बसावं लागणार की काय?"

"तुम्हाला झोपावं लागणार. पेशंट म्हणून."

"हे बरंय," तो म्हणाला. "या कामाची मला निवृत्तीनंतर चांगली सवय झालीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहायला बसली. पहिलं कौशल्य: पेशंट पलंगावर असताना चादर बदलणे. तिच्या हातचा मळ. दिवसाला वीस चादरी बदललेली बाई, डोळे मिटून करील. वही उघडली, लाल पेनाने मथळा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि पेन हातात धरून बसली ती बसलीच. आधी काय करतो आपण? हात जातो तो पहिल्यांदा कुठे जातो? उशीकडे? का पायाकडच्या कोपऱ्याकडे? आठवेना! हाताला सगळं येत होतं, पण तोंडाने सांग म्हटलं तर घशात अडकत होतं. शेवटी ती आतल्या खोलीत पलंगापाशी जाऊन उभी राहिली. हवेतच हातवारे करायचे, मग पळत बाहेर येऊन एक ओळ लिहायची, परत आत पळायचं. नवरा पेपराच्या वरून बघत होता.

"काय गं, अंगात आलंय का?"

"गप्प बसा. सातवी पायरी विसरेन."

दुपारपर्यंत वीस पायऱ्या झाल्या. कुठली चादर कशी गुंडाळायची, माणसाच्या पाठीशी तिची वळकटी कशी लावायची, नवी चादर अर्धी पसरून खोचायची, मग माणसाला त्या वळकटीवरून पलीकडे कसं घ्यायचं, कोपऱ्याची घडी कशी मारायची, सगळं सगळं. वाचून पाहिलं तर तिलाच आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणा ना! आता एक प्रयोग करून बघायचा राहिला होता, आणि तो ज्याला नर्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाकडून करवून घ्यायचा होता. घरात असं माणूस होतं. तिची सून. शाळेत गणित शिकवायची.

"हे बघ, यात लिहिलंय तेवढंच करायचं," तिने सुनेला बजावलं. "मनाचं काही नाही. बाबा आत पडलेत. मी इथून बघते."

सून वहीतून फाडलेला कागद हातात घेऊन आत गेली. सासरे पलंगावर उताणे पडून पेपर वाचत होते. बायकोने सांगितलं म्हणून पडले होते खरे, पण शब्दकोड्यात गुंगले होते. सून गणिताची. ती कागदातलं वाचत गेली आणि करत गेली. पहिली पायरी, खिडकी लावा. लावली. दुसरी, स्वच्छ चादर खुर्चीवर ठेवा. ठेवली. तिसरी, पलंगाच्या उजव्या बाजूला उभे राहा. राहिली. चौथी, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा.

वळवलं!

जो काही आरडाओरडा झाला तो शेजारच्यांनी दार वाजवण्याइतका होता. पेपर फाटला, चष्मा अंगाखाली गेला, आणि तीस वर्षं बस चालवलेला माणूस भिंतीला नाक लावून ओरडत होता, "अगं ए! घरात चोर शिरला! चोर!"

सून भेदरून उभी. "आई, मी काय केलं? कागदात आहे तेच केलं."

"अगं पण आधी सांगायचं ना त्यांना! निदान हाक तरी मारायची!"

"कुठे लिहिलंय?"

"ते काय लिहावं लागतं का?"

"आई," सून शांतपणे म्हणाली, वर्गात म्हणते तसं, "वीस पायऱ्या आहेत. पेशंटशी बोला, असं एकाही पायरीत नाही. त्याच्याकडे बघा, असंही नाही. कागदाप्रमाणे तो माणूस आहे का गादी आहे हेसुद्धा मला कळलं नसतं."

सासूबाईंनी कागद ओढून घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. खालपासून वरपर्यंत वाचला. खरंच नव्हतं. जी गोष्ट ती दिवसातून शंभरदा करायची, जिच्यासाठी पोरींवर ओरडून ओरडून हॉस्पिटलभर नाव पडलं होतं, तीच लिहायची राहिली होती. कागद मांडीवर घेऊन ती खालीच बसली. सुनेला वाटलं, आपण फार बोललो.

तसं काही नव्हतं. तिला एक म्हातारी आठवली होती.

ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही. एकोणीस वर्षांची असताना तिची पहिली प्रात्यक्षिक परीक्षा होती, हेच, पेशंट पलंगावर असताना चादर बदलणे. पलंगावर एक खंगलेली म्हातारी. हिने सगळ्या पायऱ्या घडाघडा केल्या. डाव्या कुशीवर वळवलं, चादर गुंडाळली, परत वळवलं, कोपरे असे मारले की परीक्षकांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. वीसपैकी वीस. ट्रे उचलून निघताना हिचं सहज म्हातारीच्या तोंडाकडे लक्ष गेलं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ दातांत धरले होते. तिची डावी मांडी आतून सुजली होती, आणि हिने तिला त्याच मांडीवर वळवलं होतं. "बाई गं, तुझी परीक्षा होती ना," म्हातारी म्हणाली, "म्हणून नाही ओरडले."

ते वीस मार्क आजही तिच्या प्रमाणपत्रावर आहेत. ते प्रमाणपत्र तिने कधीही भिंतीवर लावलं नाही.

तिने निळं पेन घेतलं आणि पहिल्या पायरीच्या वर, समासात, मोठं शून्य काढलं. त्यापुढे लिहिलं: 'थांबा. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहा. पेशंटच्या तोंडाकडे बघा. आपण कोण आणि काय करणार ते सांगा. काही दुखतंय का विचारा, आणि उत्तर तोंडाने काय येतं आणि चेहऱ्यावर काय येतं ते दोन्ही बघा. हात गार असतील तर चोळून गरम करा. मग पुढे जा.' मग तिने वहीतल्या प्रत्येक कौशल्याच्या वर तेच शून्य काढायचं ठरवलं. अंग पुसणं, शून्य. भरवणं, शून्य. ताप बघणं, शून्य. नवरा चष्म्याची वाकलेली काडी सरळ करत म्हणाला, "माझ्या बरगड्यांत बोटं घुसवायची नाहीत, हेही लिही. मला गुदगुल्या होतात."

ऑफिसात वेगळाच गोंधळ. टायपिंग करणारे कारकून म्हणजे नियमाचे पक्के. छापील फॉर्मात तीन रकाने: क्रमांक, कृती, गुण.

"शून्य क्रमांक बसत नाही हो सिस्टर. कॉम्प्युटर एकपासून सुरू करतो. याला एक करू आणि बाकीचे पुढे सरकवू, काय बिघडतं?"

"बिघडतं! एक केलं की पोरी त्याच्यावर टिक मारणार आणि पळणार दोनकडे. हे शून्य आहे. हे झाल्याशिवाय एक येतच नाही."

"बरं बाई, शून्य. गुण किती?"

"गुण नाहीत."

"म्हणजे?"

"माणसाच्या तोंडाकडे बघायला कसले गुण द्यायचे? गुण ठेवले की पोरी गुणांसाठी बघतील. उगाच डोळे मोठे करून."

कारकुनांनी कपाळाला हात लावला. पण शेवटी त्यांनी ते शून्य प्रिंटवर हाताने लिहिलं, सहाच्या सहा फॉर्मांवर, सुबक अक्षरात. कशाला खोटं बोला, त्यांनाही जरा मजा वाटली असावी.

आणि मग ते दोन आठवडे! काय सांगू तुम्हाला, बत्तीस वर्षांत ती अशी हसली नव्हती. पहिल्या दिवशी तिने सहाही मुलींना पलंगावर झोपवलं आणि सांगितलं, आज तुम्ही पेशंट. हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही. तहान लागली तर मागायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी भरवलं तर खायचं. एकीच्या हनुवटीवरून पेज कानात गेली. एकीच्या नाकावर माशी बसली आणि ती दहा मिनिटं डोळे तिरळे करून माशीकडे बघत होती, कुणाला सांगायचीही तिला लाज वाटत होती. एकीला बेडपॅन मागायचं होतं, ती रडायच्या घाईला आली तरी मागेना. संध्याकाळी सगळ्या उठल्या आणि एकदम एकाच वेळी बोलायला लागल्या. ही मध्ये उभी राहून ऐकत होती आणि हिचं मन भरून आलं होतं. सहा महिन्यांत फळ्यावर जे झालं नसतं ते एका दिवसात झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवरा हजर. रोज दहाच्या ठोक्याला भांग पाडून पलंगावर. पोरी त्याला काका म्हणायच्या. पोरगी पायथ्याशी उभी राहून विचारायची, "काका, काही दुखतंय का?" की याचं रोज नवं उत्तर. "बायकोचा स्वभाव." "गेल्या वर्षीची मॅच." बरगडीला बोट लागलं की हा असा हसायचा की पलंग हलायचा.

पाच मुली चटपटीत निघाल्या. सहावीचं नाव पहिल्याच दिवशी पडलं, धांदल. ट्रे उचलला की वाटी पडायची. डावं म्हटलं की उजवीकडे जायची. कोपऱ्याची घडी मारताना एकदा तिने स्वतःचीच ओढणी चादरीबरोबर खोचली आणि चालायला गेली. पण शून्य पायरीवर मात्र ती सगळ्यात जास्त वेळ उभी राहायची. इतका वेळ, की सिस्टरलाच म्हणावं लागायचं, "अगं, आता चल पुढे." बत्तीस वर्षांत हे वाक्य सिस्टरच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असेल.

"हिच्यामुळे आपण बुडणार," बाकीच्या पोरी कुजबुजायच्या. आणि खरं सांगायचं तर थांबा सिस्टरही रोज घड्याळ लावून बघायची. धांदलला वेळेत चादर बदलता येत नव्हती. दहा मिनिटं दिलेली. ही चौदा घ्यायची. शेवटच्या तीन दिवसांत तिने धांदलला पंचवीस वेळा तेच करायला लावलं. शेवटी साडेनऊवर आली. त्या दिवशी सिस्टरने तिला आनंदाने असा गुद्दा घातला की पोरीच्या हातातली उशी उडाली.

परीक्षेच्या सकाळी सिस्टर सहालाच कॉलेजात पोचली. नवरा मागून येणार होता. आला, जरा उशिरा, आणि काही न बोलता पलंगावर जाऊन पडला. हिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिला चादरी मोजायच्या होत्या, घड्याळ लावायचं होतं, पोरींच्या वेण्या बघायच्या होत्या.

परीक्षक बाई बरोबर दहाला आल्या. उंच, कडक इस्त्रीच्या, हसण्याचं नाव नाही. फॉर्म हातात घेतले. शून्यावर त्यांची नजर अडकली.

"हे काय?"

"पायरी शून्य," सिस्टर म्हणाली.

"गुण नाहीत?"

"नाहीत."

"मग मी काही देऊ शकणार नाही," असं म्हणून त्यांनी पेन उघडलं.

परीक्षेला चादर बदलणंच होतं. पहिल्या पाच जणींना पेशंट म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुली होत्या, आणि पाचही सफाईने पार पडल्या. सतरा, अठरा, सोळा, एकोणीस, सतरा. मागच्या बाकावर प्राचार्यांच्या शेजारी बसलेली सिस्टर प्रत्येक आकड्याला त्यांचा हात दाबत होती. प्राचार्यांनी दोनदा हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. आता एकच राहिली. तिच्यासाठी सिस्टरने मुद्दाम सवयीचा पेशंट ठेवला होता, काका.

धांदल आत आली. ट्रे पडला नाही. सिस्टरचा जीव निम्मा भांड्यात पडला. पोरीने खिडकीकडे न जाता आधी पलंगाचा पायथा गाठला, उभी राहिली, तळहात एकमेकांवर चोळले.

"काका, मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. तुमची चादर बदलणार आहे. काही दुखतंय का?"

"नाही, नाही. चालू दे," काका म्हणाले.

धांदल उभीच राहिली. घड्याळ पळत होतं. अर्धं मिनिट. एक मिनिट. सिस्टरची नजर पोरीच्या हातांवर, हल की गं बाई, हल! दीड मिनिट. परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं.

"काका," धांदल म्हणाली, "तुम्ही श्वास अर्धाच घेताय."

"छे गं. तू आपलं काम कर."

"आज तुम्ही विनोदपण केला नाहीत. आणि डावा हात असा अंगाशी धरलाय." ती परीक्षकांकडे वळली. एकेक शब्द स्पष्ट उच्चारत म्हणाली, "मॅडम, मला यांना डाव्या कुशीवर वळवायचं नाहीये. यांना डाव्या बाजूला काहीतरी लागलंय. आधी डॉक्टरांना बोलवते. चादर आज नाही बदलणार."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. आणि मग मागच्या बाकावरून सिस्टर उठली ती तीरासारखी. बाक सरकला, वही पडली. "अहो! काय झालं? कुठे लागलं? दाखवा बघू," म्हणत तिने दोन्ही हात सरळ त्याच्या डाव्या बरगडीकडे नेले.

"थांबा!"

हा आवाज धांदलचा होता. इतका मोठा, की व्हरांड्यातून जाणारे मामा थांबले.

सिस्टरचे हात हवेत राहिले. तिने पोरीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. बर्फासारखे गार पडले होते. ती दोन पावलं मागे आली. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तळहात चोळले. आणि त्या सकाळी पहिल्यांदा तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. चेहरा ओढलेला, कपाळावर घाम, ओठ दातांत धरलेले.

"मी तुमची बायको," ती म्हणाली. "कुठे दुखतंय?"

"सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला," तो म्हणाला. "बादलीच्या काठावर पडलो. तुझी परीक्षा होती ना गं आज. म्हणून नाही बोललो."

तिला रडू आवरेना. तेच शब्द! तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस चार हातांवर कळा सोसत पडला होता, आणि ती पोरीचे हात बघत बसली होती.

डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं, मामांनी काकांना पाठीवरच ठेवून एक्स-रेला नेलं. अर्ध्या तासात कळलं, डावीकडची एक बरगडी तडकलेली. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, विश्रांती घ्या. पण या कुशीवर जोरात वळवलं असतं तर भलतंच होऊन बसलं असतं.

इकडे परीक्षक बाई जागच्या हलल्या नव्हत्या. सिस्टर परत आली तेव्हा त्या धांदलचा फॉर्म पुढे ठेवून बसल्या होत्या, आणि धांदल भिंतीला टेकून मुसमुसत होती.

"सिस्टर, वीसपैकी एकही पायरी झालेली नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या फॉर्मप्रमाणे हिला शून्य गुण. ही नापास, म्हणजे तुमचा अभ्यासक्रम नापास. आणि ज्या पायरीवर ही थांबली तिला तुम्हीच गुण ठेवले नाहीत."

सिस्टरने फॉर्म पुढे ओढला. आपल्याच हाताने लिहिलेलं होतं.

"मला एक सांगा. मुलीला या शून्य पायरीवरच थांबावं लागलं तर पुढे काय, हे तुम्ही कुठे लिहिलंय?"

तिने वही चाळली. नव्हतं लिहिलं. पुन्हा राहिलं होतं! "नाही लिहिलं," ती म्हणाली.

परीक्षक बाईंनी आपलं पेन उलटं करून तिच्यापुढे धरलं. "मग लिहा. आत्ता. मी इथे आहे तोवर अभ्यासक्रम कच्चाच आहे, त्यात भर घालता येते."

सिस्टरने पेन घेतलं. घाईत अक्षर वाकडंतिकडं आलं. 'शून्य पायरीवर थांबायची वेळ आली तर कारण सांगावं, मदत बोलवावी, पेशंटला सोडून जाऊ नये. असं केल्यास परीक्षा तिथेच पूर्ण झाली. पूर्ण गुण.' परीक्षक बाईंनी शेजारी सही केली, तारीख घातली, आणि धांदलच्या फॉर्मवर खाली लिहिलं: वीस. मग प्रत्येक कौशल्याच्या पानावरच्या त्या हाताने लिहिलेल्या शून्याभोवती त्यांनी नीट चौकट आखली आणि त्या म्हणाल्या, "कौन्सिलच्या फॉर्मात हा रकाना लागेल. ते बघते मी."

बाकीच्या पाचजणी दाराआडून ऐकतच होत्या. त्या आत घुसल्या आणि सगळ्यांनी मिळून धांदलला असं काही दाबलं की तिच्यावर पुन्हा पेशंट व्हायची वेळ आली. ट्रे पडला. वाट्या गडगडत कोपऱ्यात गेल्या. परीक्षक बाई चक्क हसल्या. नक्की हसल्या, प्राचार्यांनी पाहिलं.

सिस्टर पुरुषांच्या वॉर्डात गेली तर नवरा उशांना टेकून बसला होता. "पास झालो का?" त्याने विचारलं. ती हसायला लागली, तसा तोही हसला आणि लगेच "आई गं" म्हणून बरगडी धरून बसला.

"हसवू नकोस बाई. आता गुदगुल्यांपेक्षा महाग पडतं."

त्याच्या शेजारी खुर्ची ओढून तिने त्याला त्या म्हातारीची गोष्ट सांगितली. सगळी, वीस मार्कांसकट. त्याने ऐकून घेतली आणि नुसता तिचा हात हातात घेतला.

पुढच्या वर्षी पहिल्या तासाला चाळीस मुली आल्या. नव्या वह्या, नवे गणवेश, नजर फळ्याकडे. फळा पुसलेला होता, आणि त्याच्यापुढे एक पलंग ठेवलेला होता. सिस्टरच्या हातात एक जुनं प्रमाणपत्र होतं, कडा पिवळ्या पडलेलं. ते पहिल्या बाकावरच्या मुलीकडे देत ती म्हणाली, मागे मागे फिरवा, मार्क नीट वाचा. मग तिने तीच गोष्ट चाळीस जणींना सांगितली, एकही शब्द न गाळता. गोष्ट संपल्यावर वर्गात कुणी पेन उचललं नाही. धांदल आता दुसऱ्या वर्षाला होती, मदतीला आली होती. ती दाराशी ट्रे घेऊन उभी होती, आणि या वेळी ट्रे हातातच होता.

"चला," सिस्टर डोळे पुसत म्हणाली, "आता सगळ्या जणी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहा."